शिवेवरची नागली

त्या वर्षी नवरात्र उलटून गेलं तरी पाऊस हटेना, म्हणून वरच्या तुकड्यातली नागली, म्हणजे नाचणी, उशिरानं भरली. खालच्या दोन खाचरांतलं भात कापून, झोडून झालं, तरी वर डोंगराच्या उतारावर कणसं अजून हिरवट होती. जयवंती रोज सकाळी अंगणातून मान वर करून तिकडं बघायची. तुंगारेश्वराच्या डोंगराला पश्चिमेकडून टेकलेला तो पाडा, आठ-दहा घरांचा. मागं रान, पुढं हायवे, आणि हायवेपलीकडं वसईच्या नव्या इमारती. बघायला पुढं बरंच काही होतं, पण जयवंतीचे डोळे मागंच लागलेले असत.

कारणही तसंच होतं. खालचं भात जेमतेम होळीपर्यंत पुरायचं. पुढचे दिवस काढायची ती नागली. नागली नसेल त्या वर्षी पाड्यातली माणसं दिवाळी झाली की भिवंडीकडं वीटभट्टीवर जायची. जयवंतीही लग्नानंतर दोन वर्षं गेली होती. दुसऱ्या वर्षी तिचं पहिलं लेकरू तिथं तापानं गेलं आणि त्याला भट्टीमागच्या माळावरच पुरावं लागलं. परत आल्यावर तिनं नवऱ्याला, शिडवाला, एकच सांगितलं होतं, की आता उपाशी ठेव, पण तिकडं नेऊ नकोस. शिडवानं मग आपल्या बापाबरोबर, रूपजीबरोबर, वरच्या तुकड्याचा बांध नव्यानं रचला, रान उपसलं, आणि तेव्हापासून घर नागलीवर तगलं. पाठची मुलगी सोनी आता आश्रमशाळेत शिकत होती.

तुकडा रूपजीच्या बापाच्या हातचा. त्या काळी सरकारच जंगल तोडायचं. हातोड्याचा शिक्का मारलेली झाडं ठेकेदाराचे ट्रक घेऊन जायचे, कोळशाच्या भट्ट्या डोंगरभर धुमसायच्या, आणि तोडीला येणाऱ्या वारल्यांना साहेब लोक सांगायचे, की तोड झाली तिथं खुशाल पेरा. रूपजीच्या बापानं पेरलं. पुढं तोड बंद झाली, साहेब बदलले, त्याच डोंगरावर झाडं लावायला मजुरी मिळू लागली. रूपजीनं खड्डे खणले आणि रोपं लावली. कुऱ्हाड त्याचीच आणि कुदळही त्याचीच. हुकूम तेवढा बदलत गेला. आता नवं निघालं होतं, की डोंगराचं अभयारण्य झालं. खाडीपलीकडच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कासारखं इथंही रान राखायचं, जनावरांना हात लावायचा नाही. पाड्यात कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही. रान राखायचं म्हणजे काय, हे रूपजीला कोणी शिकवायला नको होतं. तो वाघ्याचा भगत होता.

पाड्याच्या वर, चढाला लागताना, शेंदूर फासलेला एक दगड होता. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. तो वाघ्या. त्याच्या खाली माणसाची शीव, वर वाघाची. वर गुरं चारावीत, लाकूड आणावं, पेरावं, कापावं, कशालाच मनाई नाही. मनाई एकच. वाघ्यासमोर उभं राहून 'माझं' म्हणायचं नाही. कापणीआधी पहिली ओंजळ त्याला ठेवायची, आणि कोणी विचारलंच कोणाचं, तर वाघाचं म्हणायचं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस यायची, त्या दिवशी तर तो शब्द घरातसुद्धा कोणी काढत नसे. पोरं भांडताना जीभ चावायची.

रूपजीचा थोरला भाऊ काकड्या हे विसरला होता. वाटणीच्या भांडणात, ऐन वाघ्यासमोर, "हा तुकडा माझा" म्हणून त्यानं छातीवर हात मारला होता. पुढच्याच पावसात गुरांमागं गेला तो परत आला नाही. घोंगडी सापडली, तीही फाटलेली. भांडण ज्याच्याशी झालं तो रूपजी. तुकडा आपसूक त्याच्याकडं आला, आणि त्या दिवसापासून त्यानं तो कधी आपला म्हटला नाही. इतकी वर्षं खाल्लं त्याचंच, पण म्हटलं नाही.

आणि जंगल खात्याचे साहेब नेमके वाघबारशीला आले.

दुपार कलती होती. पाड्यातले पुरुष वाघ्याजवळ जमले होते, कोंबडं दिलं होतं, ताडीचा घडा मध्ये होता. बायका दहा-पंधरा पावलं खाली ऐनाच्या झाडाशी थांबलेल्या; त्यांनी दगडाजवळ जायचं नाही, वर शेताकडंही बाजूच्या वाटेनं जायचं, असा रिवाज. जयवंती नैवेद्याची पाटी घेऊन त्यांच्यात उभी होती. साहेबांबरोबर मोजणीचा माणूस, दोन मजूर आणि जितेंद्र गार्ड. जितेंद्र साताऱ्याकडचा, दोन वर्षांपूर्वी इथं बदलून आलेला. फेरीवर असला की रूपजीच्या अंगणात पाणी प्यायचा, कधी नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन जायचा. पोरगा बरा होता.

साहेबांनी बूट काढले, वाघ्याला हात जोडले. ते बघून सगळ्यांना बरं वाटलं. रूपजीनं त्यांच्या कपाळाला शेंदूर लावला.

"बाबा," साहेब म्हणाले, "आम्ही हद्द ठरवायला आलोय. आतमध्ये कोणाची वहिवाट असेल तर ती आधी विचारून घ्यायची आहे. तुम्ही इथले जाणते. ह्या दगडाच्या वर कोणाचं आहे?"

"वाघाचा," रूपजी म्हणाला.

"सगळं?"

"सगला."

साहेबांनी उताराकडं बोट केलं. बांधामागं नागली वाऱ्यानं हलत होती. "आणि ते पीक?"

"ता पन त्याचाच."

"मग पेरलं कोणी?"

"त्यानं पेरू दिला, तं उगवला."

जितेंद्र पुढं झाला. "साहेब, ह्या लोकांची बोलायची पद्धत आहे तशी. म्हणजे खरं तर..."

साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "त्यांना बोलू द्या. यांच्या तोंडच्या शब्दाला आपण किंमत देत नाही, हीच आपली मोठी चूक आहे." मग रूपजीकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बाबा, नीट विचारतो. त्या जमिनीवर तुमचा किंवा तुमच्या घरचा काही हक्क आहे का?"

शिडवा गुरांकडं गेला होता. बाकीच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. बारशीच्या दिवशी वाघ्यासमोर कोण बोलणार? रूपजीनं दगडाकडं बघितलं, मग साहेबांकडं. "माझा काय हय सायेब? मी आज हय, उद्या नाय. ता वाघाचा."

साहेबांचे डोळे खरंच भरून आले. ढोंग नव्हतं ते. शहरात शिकलेला चांगला माणूस होता, आणि अशा चांगल्या माणसाला जे ऐकायची फार वर्षं इच्छा असते, ते त्यानं त्या दिवशी ऐकलं.

जयवंतीनं खालून सगळं ऐकलं. नैवेद्याची पाटी तिच्या हातात जड झाली. वसईच्या बाजारात, ठेकेदारांच्या दारात ती इतकी उभी राहिली होती, की साहेबाच्या कानात हे कसं उतरलं ते तिला तिथल्या तिथं कळलं. पण ऐनाच्या वर पाय टाकायचा, तोही बारशीच्या दिवशी, आणि सासऱ्याच्या शब्दावर शब्द टाकायचा, एवढं धैर्य तिला झालं नाही. आपण उगाच घाबरतोय, असं तिनं मनाला सांगितलं. सरकार काय वाऱ्यावर चालतं?

दिवाळी झाली आणि खांब आले. सिमेंटचे, कमरेएवढे, डोक्यावर पिवळा रंग. ट्रक पायथ्याला उतरवून गेला आणि मुकादमानं पाड्यात मजूर विचारले. शिडवा गेला. दोघादोघांनी एक खांब खांद्यावर घेऊन चढ चढायचा, पहारीनं खड्डा घ्यायचा, खांब उभा करून दगड-माती ठोकायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याच्या खांद्याची साल निघाली होती. जयवंतीनं हळद आणि तेल लावलं. तो दात आवळून बसला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो लवकर परत आला आणि ओटीवर बसून राहिला. पहारीनं फुटलेले हात गुडघ्यांवर उघडे टाकलेले.

"काय झाला?" जयवंतीनं विचारलं.

"खांब आपल्या बांधाच्या खालती आला."

"खालती म्हंजे?"

"खालती म्हंजे खालती. नागली आत गेली."

"मंग तू काय केलास?"

"मी बोललू, ही आमची नागली हय. मुकादम बोलला, तुझा बापच तं सांगून बसला, वाघाची हय. सगले हसले."

"आन् खड्डा?"

शिडवानं उघडे हात मिटून घेतले.

"खड्डा कोनी खनला, शिडवा?"

"अर्धा खनला व्हता," तो म्हणाला. "दिवस भरायचा व्हता."

त्या रात्री तो जेवला नाही. आत रूपजी बांबूच्या काड्या सोलत बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. "वाघ काय आपली नागली खातं?" तो हसून म्हणाला. "खांब हय, राहू दे. पिकली का कापू." त्याला खरोखरच तसं वाटत होतं. आपण वाघाशी जे बोललो ते मध्येच कोणी उचलून नेलं असेल, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

कणसं तांबूस झाली तशी जयवंती विळा आणि टोपली घेऊन वर गेली. बांधाखालच्या खांबाशी जितेंद्र उभा होता. तिची वाट बघत होता, असंच दिसलं.

"वहिनी, नका."

"काय नको?"

"खांबाच्या आत विळा आणला तर मला वर कळवावं लागतं. पाळत आहे सध्या. वरून माणसं येतात बघायला."

"हीच नागली खाल्लीस तू. माझ्या हातची."

"म्हणून तर सांगतोय." त्याची मान खाली गेली. "साहेबांना भेटा. फाट्यावर कार्यक्रम आहे अभयारण्याचा. बाबांना बोलावलंय. तिथं बोला. साहेब ऐकतील, माणूस वाईट नाहीये."

ती खांबाशीच बसली. पोपटांचा थवा नागलीत उतरला होता, कणसं दाण्यांसकट मोडून टाकत होता. तिनं खडा उचलला आणि हात तिथंच थांबला. आत भिरकावलेला खडाही गुन्हा धरतात की काय, हे तिला माहीत नव्हतं. जितेंद्रनं टाळ्या वाजवून पोपट उडवले. ते दोन झाडं सोडून बसले आणि तो वळल्यावर परत आले.

कार्यक्रमाला हायवेच्या फाट्यावर मांडव घातला होता. शाळेची पोरं कागदी वाघाचे मुखवटे लावून रांगेत बसलेली, खुर्च्यांवर वसईची मोठी माणसं, बागायतदार, पत्रकार. रूपजीनं ठेवणीतला सदरा घातला होता आणि कमरेला धुतलेलं धोतर. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, तर तो खुर्चीच्या कडेवर टेकला, उठायला सांगतील तर पटकन उठता यावं म्हणून. जयवंती आणि शिडवा मांडवाच्या खांबाशी उभे होते.

साहेबांनी माईक घेतला. जंगल कसं उजाड झालं होतं, बोरिवलीच्या पार्कातली जनावरं खाडी ओलांडून इथवर कशी येतात, हा डोंगर राखला नाही तर वसईला पाणी कुठून मिळेल, हे सगळं त्यांनी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग म्हणाले, "आम्ही कायद्यानं जंगल राखतो. पण ह्या डोंगराच्या पायथ्याशी असा एक माणूस आहे, ज्यानं आपली पिकायला आलेली नागली आपल्या तोंडानं वाघाला देऊन टाकली. विचारलं तर म्हणाला, माझं काय आहे साहेब?"

टाळ्या वाजल्या. रूपजीला वर नेलं. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. शाल जाड आणि गुळगुळीत, सारखी घसरायची. तो एका हातानं ती धरून ठेवत होता. फोटो काढणाऱ्यानं "बाबा, हसा" म्हटलं. रूपजी हसला नाही. त्यानं मांडवभर नजर फिरवली आणि खांबाशी उभी असलेली सून त्याला दिसली. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. इतक्या माणसांसमोर, अंगावर शाल असताना कळलं. जयवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन म्हाताऱ्याला खाली आणावं असं तिला वाटलं, पण पोरांचा वाघाचा नाच सुरू झाला आणि ढोल वाजू लागला.

चहाच्या वेळी तिनं साहेबांना गाठलं. पदर सावरून, जमेल तितकं शहरी बोलत तिनं सांगितलं, की सासऱ्यांनी तसं म्हटलं नाही, आमच्यात तसं बोलतात, ती नागली आमची आहे, सासऱ्यांच्या बापापासून आहे. साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. चेहरा हळूहळू उतरत गेला. कोणी दिलेली सुंदर वस्तू परत मागितली, की माणसाचा होतो तसा.

"मंगळवारी जागेवर येतो," शेवटी ते म्हणाले. "पण बाबांनी स्वतः सांगायचं. तिथंच, त्या दगडाशी, जिथं आधी सांगितलं. दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही."

घरी शिडवानं बापावर तोंड टाकलं. "एक शब्द बोलायचा हय. एक! जीभ काय झडंल तुझी?" रूपजी भिंतीला टेकून बांबूच्या काड्या सोलत राहिला. शिडवा पहार आपटून बाहेर गेला, ताडी पिऊन आला, पुन्हा बोलला, आणि झोपला. दोन दिवस घरात हेच चाललं.

सोमवारी दुपारी जयवंती सासऱ्यासमोर येऊन बसली. त्याच्या हातातलं टोपलीचं काम तिनं बाजूला ठेवलं. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"मामा, उद्या सायेब येल."

"येऊ दे."

"तुमी बोला."

"पोरी, तुना म्हाईत हय ना काकड्याचा? तो पन एकच शब्द बोलला."

"म्हाईत हय."

"वाघ मना नेल तं माझा काय नाय. मी पिकला पान. पन तो मना नेनार नाय. घरातला कवला मानूस नेल. शिडवाला नेल. सोनीला नेल."

"मामा, माझा एक आधीच नेलाय," जयवंती म्हणाली. "वाघानं नाय नेला. भट्टीनं नेला."

रूपजीनं मान वर केली.

"नागली गेली तं शिडवा मना भट्टीवर नेल. त्याचा काय चुकला? पोटाला काय घालंल? तिथं माझा पोरगा पुरलाय मामा. त्याच्या वरून मातीच्या गाड्या जातान. मी एकदा बघून आली, परत बघायची नाय. मी तिकडं गेली तं परत येयाची नाय, हा आज तुमाला सांगतंय."

ती रडली नाही. रडली असती तर म्हाताऱ्याला सोपं गेलं असतं. त्यानं बाजूला ठेवलेली टोपली जवळ ओढली आणि परत सोडून दिली. मग म्हणाला, "बोलंन."

"मामा..."

"बोलंन म्हटला ना. ऊठ आता, भाकरी कर."

मंगळवारी साहेब आले. बरोबर जितेंद्र आणि मोजणीचा माणूस. रूपजीनं सकाळीच नदीवर अंघोळ केली होती. शाल नीट घडी करून काखेत घेतली होती, परत द्यायला. जयवंती ऐनाशी थांबली, शिडवा बापाबरोबर वर गेला.

रूपजी वाघ्यासमोर वाकला आणि इतका वेळ वाकून राहिला, की साहेबांनी जितेंद्रकडं बघितलं. मग तो उठला. दगडाकडं पाठ करायची नाही म्हणून तिरकाच उभा राहिला.

"सायेब, ती नागली माझी हय," तो म्हणाला. आवाज फुटला, पुन्हा जोडला. "जमीन माझ्या बापानं काढली. मी कसलू, माझा पोरगा कसतं. माझी हय."

रानात कुठं काही झालं नाही. वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही. झालं, खाली जयवंतीला वाटलं. सुटलो.

साहेब बाजूच्या एका धोंड्यावर बसले. रागावले नव्हते, तेच वाईट होतं. "बाबा," ते म्हणाले, "त्या दिवशी इथंच उभे राहून तुम्ही मला काय सांगितलंत?"

"वाघाचा हय, असा."

"आणि आज?"

"त्या दिवशी बारस व्हती, सायेब."

"म्हणजे त्या दिवशी खोटं बोललात?"

"मी खोटा बोलत नाय."

"मग आज बोलताय. दोन्ही तर खरं असू शकत नाही ना, बाबा?"

दोन्ही खरं होतं. सत्तर वर्षं रूपजी दोन्ही खरं धरून जगला होता, पण हे कोणाला सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"साहेब," जितेंद्र म्हणाला, "मी दोन वर्षं बघतोय, हीच माणसं..."

"तुमचं ह्यांच्याकडं खाणंपिणं आहे, ते मला कळलंय," साहेब म्हणाले. जितेंद्र लाल झाला आणि मागं सरला.

तेव्हा जयवंती ऐन सोडून वर आली. पाड्यातली बाई त्या दगडाशी कधी आली नव्हती. शिडवानं तिला मागं सारायला हात पुढं केला, तिनं त्याचा हात झटकला. "सायेब, बारशीच्या दिवशी आमी कोनी माझा म्हनत नाय. घरातली थाळी पन माझी म्हनत नाय. कोनाला पन इचारा पाड्यात. मामांनी तुमाला फसवला नाय."

"ताई, त्या दिवशी तुम्ही होता का इथं?"

"व्हती. तिथं, झाडाखाली."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

तिच्याकडं उत्तर होतं, पण ते साहेबांना समजेल असं नव्हतं.

साहेब उठले. बूट घातले. "मला सगळं दिसतंय. वसईत जागेला भाव आला, दलाल पाड्यापाड्यात फिरताहेत, आतली जमीन आपली म्हणा असं शिकवताहेत. रोज दहा माणसं येतात माझ्याकडं. मला वाटलं होतं, एक तरी माणूस..." ते थांबले. मग रूपजीच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "तुम्हाला शिकवलं, बाबा. तुमचा दोष नाही. ह्या वयात असं बोलायला लावायला नको होतं घरच्यांनी."

रूपजीनं शाल पुढं केली.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "दिलेलं आम्ही परत घेत नाही."

ते उतरून गेले. जितेंद्र मागं वळून बघत गेला. शिडवा तिथंच मातीत बसला. रूपजी खाली येताना दोनदा अडखळला, आणि जयवंतीनं धरायला हात पुढं केला तर त्यानं तो घेतला नाही.

त्या दिवसापासून त्यानं खाट अंगणात काढली. डोंगराकडं तोंड करून पडायचा. आत झोपा, थंडी पडलीय, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. तो म्हणाला, वाघ आला तर त्याला घरात शिरायला लागू नये, पहिला मीच भेटावा. जयवंतीची झोप उडाली. कुत्रं भुंकलं की ती दाराच्या फटीतून बघायची. खाटेवर म्हातारा जागा असायचा, घोंगडी बाजूला सारलेली.

वाघ आला नाही. कुत्रं तसंच, शेळी तशीच. वर नागलीचे दाणे गळून मातीत गेले, उरलंसुरलं रानडुकरांनी लोळून खाल्लं, आणि पौषात बांधावर नुसती काटकं उभी राहिली. शिडवा एकटाच भट्टीवर गेला. जयवंतीला नेलं नाही, एवढा शब्द त्यानं पाळला. ती पहाटे चालत फाट्यावर जाऊन बसनं निर्मळ गावाला जाऊ लागली, हरिश्चंद्र वझ्यांच्या केळीच्या वाडीत. दिवसभर पाटाचं पाणी फिरवायचं, घड वाहायचे. वझ्यांची बायको कपातून चहा द्यायची, पण कप वेगळा ठेवलेला असायचा.

एक दिवस ती परतली तेव्हा रूपजी खाटेवर उठून बसला होता.

"तो आला नाय," तो म्हणाला.

"बरा झाला ना, मामा. आपल्यावर रागावला नाय तो."

"बरा कसा? काकड्यावर रागावला. काकड्या त्याला कोन तरी व्हता. माझ्यावर रागवायला पन आला नाय." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. "त्याच्यापुढं मी खोटा झालू. सायबापुढं पन खोटा झालू. कोनाला तोंड दाखवू, सून?"

जयवंती त्याच्या पायाशी बसली. आपण त्याच्याकडून ते वदवून घेतलं, आणि त्यातून काहीच हाती आलं नाही. ना नागली, ना शब्द. भट्टीचं दुःख तिनं त्याच्यासमोर ठेवलं होतं, खरं होतं म्हणूनच ठेवलं होतं, पण ते ठेवायला नको होतं. हे तिला आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता.

"माझी खाट फिरव," रूपजी म्हणाला.

"कुठं?"

"रस्त्याकडं."

"तिकडं धूल हय. सांजचा उन तोंडावर येल."

"येऊ दे. डोंगराकडं कंच्या तोंडानं बघू?"

तिनं त्याला उठवलं, घोंगडीसकट भिंतीशी बसवलं, आणि खाटेचे पाय उचलून ती फिरवली. मग त्याला परत आणून बसवलं. समोर हायवे, ट्रकांची रांग, त्यापलीकडं इमारतींच्या मागं बुडणारा सूर्य.

त्यानंतर रूपजी दोन पावसाळे जगला. पुढच्या वाघबारशीला पाड्यातली माणसं त्याला न्यायला आली, तेव्हा त्यानं शेंदराची डबी त्यांच्या हातात दिली आणि तो उठला नाही. अंगणात असला की तोंड रस्त्याकडंच. जयवंती रोज संध्याकाळी निर्मळहून परतायची आणि फाट्यापासून चढ चढायला लागायची, तो खाटेवर बसलेला सासरा लांबूनच समोर दिसायचा, उन्हानं डोळे बारीक केलेला. तो तिच्याकडं बघत नसे, पण तोंड तिच्याकडंच असे, आणि घर येईपर्यंतचा सगळा चढ तिला मान खाली घालून चढावा लागे.